मोटर बदलण्यापूर्वी



भिवंडीत मोटरींचा दुष्काळ कधीच नव्हता. कामतघर, नारपोली, शांतीनगर, पद्मानगर, कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमागांचा खडखडाट ऐकू यायचा आणि अनेक ठिकाणी आजही येतो. प्रत्येक मागाला एक मोटर. मोटर आली की ती कधी ना कधी जळणार, म्हणून मागांच्या पाठोपाठ वाइंडिंगची दुकानंही आली. एखाद्या नाक्यावर चहाची टपरी नसेल, पण तांब्याच्या तारेचं रीळ टांगलेलं दुकान सापडेलच. मग अशा गावात एखाद्या सुताराच्या रंधा मशीनची मोटर जळली, तर दुसरी मिळायला कितीसा वेळ लागणार? मोटर तासाभरात मिळते. आपल्या मशीनला योग्य अशी मोटर मिळवायला मात्र थोडं डोकं चालवावं लागतं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

भिवंडी म्हटलं की कापड आणि गोदामं डोळ्यांपुढे येतात. पण कापडाच्या गावाला लाकूडकामही पुष्कळ लागतं. जुन्या मागाचा धोटा लाकडाचा, त्याला टोला देणारी काठी लाकडाची. गोदामांना पेट्या आणि पॅलेट हवेत. वाढत्या वस्तीला दारं, खिडक्या, कपाटं हवीत. त्यामुळे कल्याण नाक्यापासून अंजूर फाट्यापर्यंत छोटे सुतारी कारखाने विखुरलेले दिसतात. एक रंधा मशीन, त्यालाच जोडलेलं गोल करवतीचं कटर, एक ड्रिल आणि दोन-तीन माणसं, एवढाच पसारा. या साऱ्याचा प्राण एका मोटरीत असतो. ती बंद पडली की मिस्त्री बसून, कारागीर बसून आणि गिऱ्हाईक दारात उभं.

माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रींवर मे महिन्यात असाच प्रसंग आला. शाळेच्या बाकांचं काम घेतलेलं, आगाऊ रक्कम लाकडात गुंतलेली, जूनच्या मध्याला शाळा सुरू होणार. आणि ऐन कामात रंध्याच्या मोटरीतून धूर निघाला. तीन एचपीची जुनी मोटर. दोन कारागिरांची रोजची मजुरी चालूच राहणार आणि वेळेत माल दिला नाही तर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याकडे जाणार. अशा वेळी माणूस घाईत पहिली दिसेल ती मोटर उचलतो. मिस्त्रीही निघालेच होते. पण वाटेत त्यांनी जळलेली मोटर आपल्या नेहमीच्या वाइंडिंगवाल्या चाचांकडे टाकली, हे फार बरं झालं.

चाचांनी मोटर उघडली. आतल्या तीन फेजच्या गुंडाळ्यांपैकी दोन कोळशासारख्या काळ्या आणि तिसरी जवळजवळ नव्यासारखी पिवळी. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, स्टार्टर कसा आहे तुमचा?"

"चांगला आहे की, चाचा. मध्ये सारखा पडायचा, म्हणून वायरमनने तो बंदोबस्त केला."

"काय बंदोबस्त केला?"

"रिलेत काडी अडकवून दिली. त्यानंतर कधी पडला नाही."

"मग मोटर जळणार नाही तर काय होणार? नवी आणलीत तर तीही जळेल. आधी काडी काढा."

श्रोतेहो, मोटर शोधण्याची पहिली पायरी हीच. जुनी का गेली, ते आधी शोधायचं. जळलेली मोटर आपल्या मरणाचं कारण बरोबर सांगते, फक्त ते वाचता आलं पाहिजे. सगळ्या गुंडाळ्या सारख्याच करपल्या असतील तर मोटरीवर ताकदीबाहेरचं ओझं पडत होतं, किंवा तिला वारा मिळत नव्हता. वारा न मिळण्याचं कारण सुताराकडे भुसा आणि मागवाल्याकडे कापसाचं तूस. दोन्हींचा थर मोटरीच्या पंख्याच्या जाळीवर आणि अंगावरच्या पाकळ्यांत बसला की आतली उष्णता बाहेर पडत नाही. पण स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेज जळून तिसरी कोरी राहिली असेल, तर एक फेज गायब झालेली असते. डेल्टा जोडणी असेल तर उलट, एकच फेज जास्त जळलेली दिसते. एखादा फ्यूज जातो, एखादा स्क्रू सैल होतो, मोटर थांबत नाही, गुरगुरत दोन फेजवर फिरत राहते. ओझं तेवढंच असेल तर उरलेल्या दोन तारांतून सुमारे पावणेदोन पट प्रवाह वाहू लागतो आणि काही मिनिटांत इनॅमल करपतं. हे ओळखून मोटर बंद करणं हेच ओव्हरलोड रिलेचं काम. तो वारंवार पडत होता याचा अर्थ तो ओरडून सांगत होता, आणि आपण त्याच्या तोंडात काडी घातली.

दुसरं कारण कमी व्होल्टेजचं. ज्यांनी २००५-०६ च्या सुमाराची भारनियमनाची वर्षं पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. २००७ च्या जानेवारीत भिवंडीची वीजवितरण व्यवस्था फ्रँचायझी पद्धतीने खासगी कंपनीकडे दिली गेली. देशातला तो अशा प्रकारचा पहिला मोठा प्रयोग होता. पण वीज कोणीही देवो, कारखान्याच्या आतली वायर बारीक आणि लांबलचक असेल तर व्होल्टेज मोटरीपर्यंत पोहोचेस्तोवर गळतंच. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ४१५ च्या जागी ३५० व्होल्ट मिळाले, तर जोर जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतो. रंध्याला लाकूड तेवढंच कठीण लागतं, मग मोटर जास्त प्रवाह ओढते आणि तापते.

कारण सापडलं, आता मोटर शोधायला निघू या. निघताना खिशात काय हवं? जुन्या मोटरीच्या पाटीची नक्कल आणि मोजपट्टी. 'तीन एचपीची द्या' एवढं म्हणून मोटर घेणं म्हणजे 'आठ नंबरची द्या' म्हणून चप्पल घेणं, पण डावी की उजवी हे न सांगणं. पाटीवरच्या चार गोष्टी लिहून घ्यायच्या: ताकद, फेरे, वीज आणि अंगाचं माप.

ताकद आपल्याला ठाऊक असते. जुन्या पाटीवर एचपी, नव्यावर किलोवॅट. एक एचपी म्हणजे सुमारे पाऊण किलोवॅट, म्हणून दोन एचपी म्हणजे दीड आणि तीन एचपी म्हणजे २.२ किलोवॅट. इथे एक मोह होतो. जळलीच आहे तर पाच एचपीची टाकू, कटकट नको. मोठी मोटर जास्त काम करेल हे खरं, पण मशीनचा दांडा, बेअरिंग आणि पट्टा तीन एचपीसाठी बनवलेले आहेत. लाकूड अडकलं की लहान मोटर दमते आणि पट्टा घसरतो. मोठी मोटर दमत नाही, ती पुढचं काहीतरी मोडते. शिवाय वीजजोडणीचा मंजूर भार, स्टार्टर, वायर, सगळंच बदलावं लागतं.

फेरे ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. त्यामुळे मोटरी ठरावीक वेगाच्याच येतात: मिनिटाला सुमारे २८८० फेऱ्यांची, १४४० ची आणि ९६० ची. मधला वेग हवा असेल तर तो पुलीने साधायचा. आता आपल्या मिस्त्रींच्या मशीनचा हिशेब बघा. रंध्याची पाती ज्या दंडगोलात बसवतात तो मिनिटाला ४५०० फेरे फिरला पाहिजे. मोटर १४४० ची, तिच्यावर २५० मिलिमीटरची मोठी पुली आणि दंडगोलावर ८० ची लहान. १४४० गुणिले २५० भागिले ८०, उत्तर बरोबर ४५००.

त्यांना बाजारात पहिली मोटर जी दाखवली गेली ती होती तीन एचपी, २८८० ची. आकाराने लहान, वजनाने हलकी. दुकानदाराचं म्हणणं, तीन एचपी म्हणजे तीन एचपी. जुनी पुली तशीच चढवली असती तर दंडगोल ९००० फेऱ्यांनी फिरला असता. वेग दुप्पट झाला की पात्यांना बाहेर फेकणारं बल दुप्पट होत नाही, चौपट होतं. पाती धरून ठेवणारे बोल्ट त्यासाठी घडवलेले नसतात. अशा मशीनसमोर उभा असलेला माणूस लाकडाकडे बघत असतो, आणि पातं सुटलं तर ते कुणाकडे बघून जात नाही. म्हणून हा हिशेब कागदावर करायचाच. २८८० ची मोटर वापरता येतच नाही असं नाही. तिच्यावर १२५ ची पुली चढवली की पुन्हा तेच ४५०० येतात. पण पुली बदलायची हे लक्षात राहिलं पाहिजे. गोल करवतीच्या पात्यावर तर कमाल फेरे छापलेलेच असतात. बारा इंची पात्याच्या दातांचा वेग २८८० फेऱ्यांना सेकंदाला पंचेचाळीस मीटर होतो. तो आकडा ओलांडण्यात शहाणपण नाही.

उलटी चूकही होते. २८८० च्या जागी १४४० ची बसवली तर धोका नाही, पण रंधा लाकूड सोलत नाही, ओरबाडतो. मिस्त्री पात्याला धार लावून लावून दमतात आणि दोष लाकडाला देतात.

तिसरी गोष्ट वीज. कारखान्यात तीन फेजची जोडणी असेल तर प्रश्न नाही. तीन फेजची तीन एचपी मोटर पूर्ण ओझ्यावर साधारण साडेचार-पाच अँपियर घेते. घराच्या पडवीत काम करणाऱ्याकडे एकच फेज असते. तिथे दोन एचपीची मोटरही दहा-बारा अँपियर घेते, आणि चालू होताना त्याच्या कित्येक पट. घरातले दिवे मिचमिचतात ते यामुळेच. अशांसाठी आता एक तिसरा मार्ग आहे. एक फेज घेऊन तीन फेज देणारा ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी. मात्र तो बाहेर सुमारे २३० व्होल्टच देतो, म्हणून ४१५ व्होल्टच्या मोटरीला थेट जोडून चालत नाही. आपल्याकडच्या लहान मोटरी, साधारण दोन एचपीपर्यंतच्या, बहुधा स्टारमध्ये जोडलेल्या असतात. डब्यात सहा टोकं बाहेर काढलेली असतील तर ती डेल्टात बदलून मोटर २३० वर चालवता येते. टोकं तीनच असतील तर माहीतगाराला विचारल्याशिवाय हात लावू नये.

चौथी गोष्ट अंगाचं माप. हल्लीच्या मोटरींच्या पाटीवर फ्रेम म्हणून ८०, ९०, १०० असे आकडे असतात. त्यात गूढ काही नाही. मोटरीच्या पायांपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची ती मिलिमीटरमधली उंची आहे. १४४० फेऱ्यांची दोन एचपीची मोटर साधारण ९० च्या फ्रेममध्ये येते आणि तिचा शाफ्ट २४ मिलिमीटरचा. तीन एचपीची १०० च्या फ्रेममध्ये, शाफ्ट २८ चा. हे माप लक्षात ठेवलं की फसवणूकही टळते. १४४० फेऱ्यांची मोटर, पाटीवर तीन एचपी आणि मोजपट्टी लावली तर उंची ८० मिलिमीटर? मग ती पाटी दुसऱ्या मोटरीची आहे, एवढं समजून पुढच्या दुकानात जावं.

मिस्त्रींची जुनी मोटर इंची जमान्यातली. तिचा शाफ्ट सव्वा इंचाला थोडा कमी, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर. नव्या मोटरीचा २८. फरक सहा दशांश मिलिमीटरचा. पुली सहज आत जाते आणि किंचित डुलते. अशा वेळी पत्र्याची पट्टी गुंडाळून पुली ठोकण्याची आपल्याकडे सवय आहे. ती आठ दिवस टिकते, मग चावी झिजते, शाफ्टची खाच मोठी होते आणि नवी मोटर जुनी होते. पुलीचं भोक मोठं करून आत बुश बसवायचा आणि तो लेथवर २८ ला कापून घ्यायचा, किंवा सरळ नवी पुली घ्यायची. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला पुल्या, पट्टे, बेअरिंग यांची दुकानं ओळीने आहेत.

आता मोटर कुठून घ्यायची? भिवंडीत पहिला डोळा जातो तो मागांच्या मोटरींकडे. जुने साधे माग मोडीत निघाले आणि त्यांच्याबरोबर मोटरीही भंगारवाल्यांकडे आल्या. केंद्र सरकारची वस्त्रोद्योगासाठीची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना १९९९ पासून आली, बिनधोट्याचे माग आले, मंदीचे फेरेही येऊन गेले. अशा मोटरी स्वस्तात मिळतात. पण मागाची मोटर सहसा एकाच एचपीच्या आसपासची. तिच्यासाठी भारतीय मानकही वेगळं आहे, कारण मागाला सतत झटके सोसणारी मोटर लागते. ती धार लावायच्या दगडाला, लहान लाकडी लेथला, ड्रिलला उत्तम. रंध्याला अपुरी. 'एक एचपीच्या तीन जोडू का?' असं मला एका तरुणाने मनापासून विचारलं होतं. तीन शेळ्या एकत्र बांधून म्हैस होत नाही, एवढंच त्याला सांगितलं.

दुसरा बाजार मुंबईच्या दारूखान्याचा. तिथे जहाजं मोडण्याचा धंदा जुना, त्यामुळे जहाजावरच्या मोटरी विक्रीला येतात. बांधणी भक्कम, तांबं अस्सल, दिसायला देखण्या. पण पाटी वाचा. जहाजावरची वीज बहुधा ४४० व्होल्ट आणि साठ आवर्तनांची असते. आपल्या पन्नास आवर्तनांवर ती मोटर सहाव्या हिश्शाने हळू फिरते. १७४० ची मोटर १४५० च्या आसपास येते, ते एक वेळ चालेल. पण ४४० ला साठ आणि ४१५ ला पन्नास हे प्रमाण काढलं, तर तिच्या लोखंडात तेरा टक्के जास्त चुंबकत्व भरलं जातं. ती रिकामी फिरतानाही जास्त तापते आणि पूर्ण ताकद देत नाही. घ्यायचीच असेल तर गरजेपेक्षा एक माप मोठी घ्यावी आणि कमी ओझ्यावर चालवावी.

जुनी मोटर घेताना एवढं बघा. शाफ्ट हाताने फिरवा, मोकळा आणि बिनआवाजी फिरला पाहिजे. तो वर-खाली हलवा, खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. झाकण उघडून वास घ्या, करपलेला वास वर्षभर जात नाही. पाचशे व्होल्टच्या मेगरने अंगाशी असलेलं इन्सुलेशन तपासा, किमान एक मेगाओहम तरी हवं. मग तीन फेजवर रिकामी चालवून तिन्ही तारांतला प्रवाह क्लॅम्पमीटरने मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आणि पूर्ण ओझ्याच्या प्रवाहाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असावेत. अर्धा तास चालू द्या. जो दुकानदार अर्धा तास चालवू देत नाही, त्याच्याकडून मोटर घेऊ नये.

तिसरा मार्ग आपल्या जुन्याच मोटरीला पुन्हा गुंडाळण्याचा, म्हणजे रिवाइंडिंगचा. वर्षानुवर्षं आपण हेच करत आलो आणि चांगला कारागीर असेल तर त्यात गैर काही नाही. त्याने जुन्या गुंडाळीचे वेढे मोजले पाहिजेत, तारेचा गेज मोजला पाहिजे आणि तेच परत घातलं पाहिजे. वेढे दोन-चार कमी, तार एक नंबर बारीक, असं झालं की मोटर फिरते पण तापते. इन्सुलेशनचं आयुष्य दर दहा अंश जादा तापमानाला निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. दुसरी गोष्ट, जुनी तार काढायला मोटर उघड्या आगीत टाकण्याची पद्धत. तार झटपट सुटते, पण आतल्या लोखंडी पातळ पत्र्यांमधला इन्सुलेशनचा थर जळतो. मग ते लोखंडच तापू लागतं, आणि तो दोष नव्या तारेने जात नाही. म्हणून कारागिराला आधीच विचारावं: तार आगीत काढणार की कापून? वार्निश घालून भट्टीत सुकवणार की उन्हात?

राहिली नवी मोटर. हिच्यामागे मोठी परंपरा आहे. १८८८ साली निकोला टेस्लाने अशा मोटरीचं पेटंट घेतलं, इटलीत गॅलिलिओ फेरारिस त्याच वाटेवर होता आणि १८८९ च्या सुमारास डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्कीने पिंजऱ्याच्या रोटरची तीन फेज मोटर बनवली. आज आपण वापरतो ती मुळात तीच. त्याआधी कारखान्यात एकच वाफेचं इंजिन, छताखालून लांब दांडा आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला उतरणारे पट्टे असत. एक बंद पडलं की सगळे बंद. मोटरीमुळे प्रत्येक यंत्र स्वतंत्र झालं. आपल्याकडे १९४६ साली बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि मुंबईत भारत बिजली या कंपन्या निघाल्या. जुन्या सुतारी कारखान्यांत त्या काळच्या मोटरी अजून फिरताना दिसतात. पूर्वी पाटीवर आयएस ३२५ असं मानक लिहिलेलं असे, आता आयएस १२६१५ असतं आणि जोडीला कार्यक्षमतेची खूण, आयई२ किंवा आयई३.

या खुणेचा हिशेब करून बघा. तीन एचपीची आयई३ मोटर पूर्ण ओझ्यावर ८६.७ टक्के कार्यक्षम. दोनदा आगीत भाजून गुंडाळलेली जुनी मोटर ७८ टक्के धरली, तर तेवढ्याच कामाला ती पाव किलोवॅटहून थोडी जास्त वीज खाते. रोज चार तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तर तीनशे-साडेतीनशे युनिट. युनिटला आठ रुपये पकडले तर अडीच हजारांच्या वर. रंधा सतत पूर्ण ओझ्यावर नसतो, म्हणून प्रत्यक्ष बचत कमी होईल. तरी मोटरीची खरी किंमत दुकानात एकदाच मोजायची नसते, ती दर महिन्याच्या बिलातही मोजावी लागते, एवढं ध्यानात येतं.

मिस्त्रींनी काय केलं? चाचांनी जुन्या मोटरीचं लोखंड तपासून सांगितलं की ही आधीच दोनदा आगीतून गेली आहे, पुन्हा गुंडाळण्यात अर्थ नाही. मागवाल्यांचं काम थांबू नये म्हणून वाइंडिंगवाले काही मोटरी बदली म्हणून ठेवतात. तशी एक तीन एचपी, १४४० ची मोटर त्यांनी चार दिवसांसाठी दिली. तेवढ्यात मिस्त्रींनी मुंबईच्या लोहार चाळीतून त्याच मापाची नवी, पूर्ण बंद अंगाची, आयपी५५ खुणेची मोटर आणवली. भुशाच्या जागी अशी बंद मोटरच हवी. पुली नवी घेतली. आणि स्टार्टरची काडी काढून रिलेसोबत सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवला. एक फेज गेली की तो मोटर तोडतो. बाक वेळेवर गेले.

बसवतानाच्या दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. मोटरीखाली उंची भरायला लाकडाचे तुकडे घालू नका, लोखंडी पट्ट्याच घाला. लाकूड दबतं, पट्टा सैल होतो. पट्टा चढवण्यापूर्वी मोटर एकदा रिकामी चालवून दिशा बघा. उलटी फिरत असेल तर मेन स्विच बंद करून कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा. रंधा उलटा फिरवून बघण्याची ही जागा नव्हे. दोन्ही पुल्या दोरी लावून एका रेषेत आणा. अर्थिंगची तार मोटरीच्या अंगाला घट्ट आवळा. पट्ट्यावरचं आणि पात्यावरचं झाकण 'नंतर बसवू' म्हणून बाजूला ठेवू नका, कारण ते नंतर कधी येत नाही. रिलेवरचा आकडा पाटीवरच्या प्रवाहाएवढाच लावा. आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी काम आटोपलं की, स्विच बंद करून ब्रशने पंख्याच्या जाळीवरचा भुसा झाडा. पाच मिनिटांचं काम आहे.

शेवटचं एक. जुन्या मोटरीच्या पाटीवरचे आकडे आजच, मोटर चालू स्थितीत असतानाच, वहीत उतरवून ठेवा. फेरे, एचपी, व्होल्ट, अँपियर, फ्रेम, शाफ्टचा व्यास, दोन्ही पुल्यांची मापं आणि पट्ट्याचा नंबर. एक पान पुरे. मोटर जळते तेव्हा पाटीही बऱ्याचदा काळी पडलेली असते, आणि त्या दिवशी दारात गिऱ्हाईक उभं असतं. ते पान हातात असेल तर भिवंडीत काय, कुठल्याही गावात तुम्हाला हवी ती मोटर मिळेल आणि नको ती कुणी गळ्यात मारू शकणार नाही.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)